पट्टी कधी काढायची?

आमच्या वन्संना सगळी गल्ली भट्टीवाली म्हणते. नवऱ्याच्या मागे बेकरी त्यांनी एकटीनं ओढली. मैद्याची पोती स्वतः उचलायची, पीठ मळायच्या यंत्रात स्वतः रिकामी करायची. मैदा नाकात जातो, शिंक येते, आणि शिंकेबरोबर लघवी निसटते. खोकल्यावर तेच, पोतं उचलताना तेच. धाकट्याच्या बाळंतपणापासून हे चालू. त्यावर त्यांचा इलाज एकच: नळाशी जाऊन हात धुतल्यासारखं करायचं आणि अख्खा एप्रन भिजवून घ्यायचा. कामगार म्हणायचे, मालकीणबाई फार पाणी सांडतात. हे त्यांनी मला, सख्ख्या भावाच्या बायकोला, सांगितलं ते थेट ऑपरेशनची तारीख ठरल्यावर. बायकांचं दुखणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

ऑपरेशन साधंच आहे म्हणाल्या. लघवीच्या नळीखाली डॉक्टर एक पट्टी घालणार, झोळीसारखी आधाराला. आणि मग विचारलं, "पट्टी काढायला कधी बोलावतात गं? त्या दिवशी बेकरीत तू बसशील ना?"

मी बघतच राहिले. गुडघा फुटला की बांधतात आणि बरा झाला की सोडतात, ती पट्टी त्यांच्या डोक्यात होती. डॉक्टर पट्टी म्हणाले, यांनी मान डोलावली, सही झाली. माझ्या मावसबहिणीचं हेच ऑपरेशन झालंय, म्हणून मला ठाऊक: ही पट्टी म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याची जाळी, आणि ती जन्मभर आतच राहते. बहिणीचं छान चाललंय, माझं जाळीशी काही वैर नाही. पण जन्माचा पाहुणा घरात आणताना घरच्या मालकिणीला सांगावं की नाही?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात. डॉक्टर मला म्हणाले, पेशंटला एवढं फोडून सांगितलं तर त्या उगाच घाबरतात. मला म्हणाले, वन्सं शेजारच्या खुर्चीत बसलेल्या असताना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भट्टीपुढे उभं आयुष्य काढलेल्या बाईला स्वतःच्या अंगात काय बसवताहेत ते ऐकून भोवळ येणार होती काय?

जाळीशिवाय दुसरं काहीच नसतं का, असं मी विचारलं, तेव्हा नाइलाजानं सांगू लागले. पोटाच्या स्नायूंवर एक चिवट पडदा असतो, त्याचीच पट्टी कापून झोळी करता येते. आपल्याच अंगातली, म्हणून ती आत घासत जाऊन उघडी पडण्याची भीती जवळजवळ नाही. पण छेद मोठा, बरं व्हायला वेळ जास्त, सुरुवातीला लघवी अडण्याचा त्रासही जास्त. जाळीचं काम झटपट, लवकर घरी. मात्र क्वचित ती टोचू लागली, तर पूर्ण काढणं महाकठीण. गळती दोन्हींनी साधारण सारखीच थांबते.

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"ते ऑपरेशन मी करत नाही," डॉक्टर म्हणाले.

एवढंच कारण! आपल्या दुकानात नाही म्हणजे बाजारातच नाही. वन्संकडचा पाव संपला तर त्या गिऱ्हाइकाला समोरच्या बेकरीचा रस्ता दाखवतात, आणि तिथे प्रश्न फक्त पावाचा असतो.

वन्सं खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी विचारलं, पोती कधीपासून उचलता येतील? दोन्हींत काही आठवडे नाहीच, दुसऱ्यात आणखी उशिरा, असं उत्तर मिळालं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आजवर सगळं पदरचं घालूनच चालवलंय," त्या म्हणाल्या, "हेही पदरचंच घालते. ते ऑपरेशन कोण करतं?"

डॉक्टरांनी समजावलं की तिकडे नंबर लागायला काही महिने जातील. इथली तारीख तर हातात आहे. इतकी वर्षं त्रास सोसलात, आता एवढ्याशा गोष्टीसाठी आणखी कशाला सोसता?

"इतकी वर्षं विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही नाव सांगा."