मांडवासाठी कापलेला खांब

ज्यांच्यावर अन्याय झाला ते दोघं आधी सांगते. एक, आमच्या गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंगचं दुकान असलेले चाचा. दुसरी, मैदानाला लागून घर असलेली मावशी. कधी झाला तेही सांगते. यंदाच्या किंक्रांतीला, भर दुपारी बारानंतर, स्पीकरवरून त्यांच्याच कौतुकाचं भाषण चाललेलं असताना. ठिकाण उदगीर. त्या मांडवात तुमच्यापैकी निम्मे लोक बसलेले होते, म्हणून हे मी तुम्हाला या पत्रकातून ऐकवते आहे.

त्या मैदानावर मी खो-खो शिकले. मैदान म्हणजे लेआउटमधली मोकळी जागा, जिच्यावर दर निवडणुकीआधी कुणीतरी नारळ फोडतं आणि नंतर फिरकत नाही. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात पायाला लगदा चिकटतो, दिवाळीनंतर भेगा पडतात आणि भेगेत पोरीचं पाऊल घोट्यापर्यंत जातं. असल्या मातीवर खो-खो होत नाही. म्हणून दिवाळी उरकली की चाचा दुकान उघडायच्या आधी मैदानावर यायचे. ढेकळं फोडायची, भेगा बुजवायच्या, वरून चाळलेला मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, दगडी रूळ ओढायचा. रूळ ओढायला आम्ही पोरी. मुरमात एखादा खडा राहिला की चाचा तो चिमटीत धरून आमच्या नाकासमोर नाचवायचे. "ये किसके घुटने में घुसताय मालूम? तेरेच!"

दोन टोकांचे दोन खांबही त्यांनीच बसवलेले. दिवसभर लोखंडाशी झटणाऱ्या माणसानं खांब मात्र लाकडाचे केले, कारण थंडीत लोखंड पोरींच्या तळहाताला झोंबतं. पॉलिशकागदानं घासून घासून त्यांनी ते असे केले होते की खांबाला धरून गर्रकन वळताना हातात कुसळ जाईल ही भीतीच कधी वाटली नाही. चाचांना या कामाचं कुणी काही दिलं नाही. त्यांनी मागितलंही नाही. त्यांची स्वतःची मुलगी लग्न होऊन बीदरला गेली तरी ते येत राहिले.

मावशीनं जन्मात कधी खो दिलेला नाही. तिचं काम बसायचं. घराच्या मागच्या बाजूला बाज टाकून, मांडीवर सूप घेऊन, तुरीच्या शेंगा सोलत ती आमचा सराव संपेपर्यंत बसायची. तुम्हाला हे काम वाटत नसेल, तर तुम्हाला आमच्या भागातले बाप माहीत नाहीत. "मावशी हाय ना तिथं? मग जा." या एका वाक्यावर आमचा अख्खा संघ उभा होता. जळकोटला सामने असोत की भोकरला, जीपमध्ये पुढच्या सीटवर मावशी आणि मागं कोंबलेल्या आम्ही. एकदा एका पोरीचा बाप मैदानावरून तिचा दंड धरून ओढायला आला. अर्धी चड्डी घालून पोरगी पळते, समाज काय म्हणेल, वगैरे. मावशी बाजेवरून उठली नाही.

"ए पाटला, समाज कुठं हाय? दाव की. हितं तर तूच एकटा बघून राहिलास."

बापानं पोरीचा दंड सोडला. मग म्हणाला, "अंधार पडायच्या आत घरी पाठवा."

"मीच आणून सोडते. चा ठिवा."

ती पोरगी पुढं जिल्ह्याच्या संघात गेली. त्या बापानं पेढे वाटले. मावशीला वाटले नाहीत, तो भाग वेगळा.

आता समितीकडे येते. 'क्रीडासेवक गौरव समिती'. या लोकांनी मुरूम चाळल्याचं मी पाहिलेलं नाही, तुम्हीही पाहिलेलं नसेल. समितीच्या अध्यक्षांना सगळे 'भाऊ' म्हणतात. माझ्या मोठ्या भावाला मी भाऊ म्हणते, म्हणून मी यांना अध्यक्षच म्हणेन. संक्रांतीच्या आधी ते चार माणसं घेऊन चाचांच्या दुकानावर आले. मी तिथं सायकलचा स्टँड जोडून घ्यायला थांबले होते.

"चाचा, तुमचा आणि मावशीचा जाहीर सत्कार करायचाय. तुमच्याच मैदानावर. सोहळा तुमचा, आम्ही फक्त निमित्त."

चाचांनी डोळ्यावरचा चष्मा कपाळावर सरकवला. "सत्कार कायकू? एक नळ देव ना मैदानावर. पोरीलोक पाणी घरून घेऊन येतात."

सगळे हसले. अध्यक्षही हसले. "नळ बी होईल, चाचा. आधी सन्मान होऊ द्या."

ते गेल्यावर मी चाचांना म्हटलं, नको हे. यांना फोटो पाहिजे, तुम्ही नको आहात. चाचांनी वेल्डिंगची काडी खाली ठेवली. "बेटा, कोई इज्जत देने आया तो उसको नको कैसे बोलना?" मी सायकल घेऊन निघाले. सत्काराच्या आदल्या दिवशी त्यांनी पांढरा कुडता इस्त्रीला दिला. मावशीनं ट्रंकेतली इरकल काढली. किंक्रांतीला शुभकाम करत नाहीत, हे तिनं एकदा बोलून बघितलं. पाहुणे म्हणून येणाऱ्या साहेबांना तोच दिवस मोकळा आहे, असं उत्तर मिळालं.

किंक्रांतीला सकाळी मी पोहोचले तेव्हा मैदानात मांडवाचे बांबू उभे होते. ओढलेल्या, पाणी मारलेल्या, थापलेल्या त्या जमिनीत पहारीनं खड्डे पाडलेले. टेम्पो आत आणलेला, त्याच्या चाकांच्या चाऱ्या आडव्यातिडव्या. आणि स्टेजच्या बाजूचा खांब नव्हता. म्हणजे बुंधा होता, जमिनीलगत. वरचं लाकूड करवतीनं कापून कडेला फेकलेलं. मी विचारलं, कुणी कापला? छातीवर बिल्ला लावलेला एक जण म्हणाला, "फोटोत मधी येत होता ना ताई. साहेबांच्या तोंडावरच येत होता."

चाचा आले. इस्त्रीचा कुडता, डोक्यावर टोपी. ते बुंध्यापाशी खाली बसले, कापलेल्या जागेवरून हात फिरवला, हाताला लागलेला भुसा झटकला. बिल्लेवाला म्हणाला, "चाचा, टेन्शन नका घेऊ. लाकूडच हाय, दुसरं लावू."

चाचा उठून उभे राहिले. मला वाटलं आता ते घरी जातील. गेले असते तर बरं झालं असतं. पण मांडववाल्याची अर्धी माणसं सणाला गावी गेलेली, खुर्च्या टेम्पोतच रचलेल्या, पाण्याचे जार गेटवर पडलेले. आमच्या माणसांची ही एक खोड आहे आणि मला ती मुळीच कौतुकाची वाटत नाही. रिकामी खुर्ची दिसली की ती पुसायची, तिच्यावर बसायचं नाही. चाचांनी कुडता काढून स्कूटरच्या आरशाला अडकवला आणि बनियनवर खुर्च्या उतरवायला लागले. मावशीनं इरकलीचा पदर खोचला आणि मागच्या चुलवणावर मसालेभात ढवळायला गेली, कारण आचारी एकटाच होता आणि भात खाली लागत होता. मी दोघांनाही ओरडून सांगितलं, तुमचा सत्कार आहे, बसा पुढं. मावशी म्हणाली, "आन लोक उपाशी जातील त्याचं काय? माझा सत्कार खानार का ते?"

समितीतल्या एकानंही त्यांच्या हातातला झारा घेतला नाही.

बारा वाजता पाहुणे आले. स्टेजवर दिवा लागला, भाषणं झाली, 'निःस्वार्थ सेवेचे दीपस्तंभ' वगैरे झालं. मग निवेदकानं चाचांचं नाव पुकारलं. चाचा तेव्हा खांद्यावर पाण्याचा जार घेऊन मांडवाच्या मागच्या टोकाला होते. त्यांनी जार टेकवला, हात पुसत पुढं निघाले. मधल्या वाटेत तोच बिल्लेवाला आडवा आला.

"ए चाचा, पाणी मागून. मागून द्या पाणी. पुढं साहेब बसलेत."

"अरे, मेरेकूच बुलारे."

"हां हां, बुलाएंगे. मागून जावा."

स्टेजवर निवेदकानं मावशीचं नाव पुकारलं. मावशी चुलवणापाशी, धुरात. मी खुर्चीवर उभी राहून ओरडले, दोघं इथंच आहेत! माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईनं मागं वळून मला बसायला सांगितलं, तिला दिसत नव्हतं म्हणे. निवेदक म्हणाला, "सत्कारमूर्ती काही कारणानं उपस्थित राहू शकलेले नाहीत. त्यांच्या वतीनं समितीचे अध्यक्ष हा सत्कार स्वीकारतील." आणि अध्यक्षांनी स्वीकारला. एक शाल चाचांच्या वतीनं, एक मावशीच्या वतीनं. दोन नारळ. दोन्ही शाली एकावर एक अंगावर घेऊन, हात जोडून, कॅमेऱ्याकडे बघत. तुम्ही टाळ्या वाजवल्या. जार बाजूला ठेवून बनियनवर उभा असलेला माणूस तुमच्यापासून हाताच्या अंतरावर होता. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या गेटचं, खिडकीचं वेल्डिंग त्यानं केलेलं आहे. तुम्ही त्याला ओळखता. तरी वाजवल्या.

इथवर असतं तर मी हे लिहिलं नसतं. शालीसाठी भांडणारी माणसं ही नव्हेत आणि मीही नव्हे. पण पाहुण्यांनी जाता जाता घोषणा केली. या मैदानावर 'क्रीडासेवक गौरव उद्यान' होणार. हिरवळ, कारंजं, बसायला बाकडी आणि मध्यभागी शिट्टी वाजवणाऱ्या क्रीडासेवकाचा पुतळा. खेळासाठी राबणाऱ्यांच्या सन्मानार्थ खेळायची जागा बंद. लोकांनी याही वाक्याला टाळ्या दिल्या.

मावशी झारा घेऊनच पुढं आली. कुणाची परवानगी घेतली नाही.

"आन पोरी कुठं खेळायच्या? कारंज्यात?"

मांडव हसला. हसण्यासारखं तिनं काही बोललेलं नव्हतं. अध्यक्ष माइकवरून म्हणाले, "मावशी, तुम्ही आहात होय! आधी सांगायचं ना. या, या, एक फोटो होऊन जाऊ द्या." मावशी वर गेली नाही. "फोटो तुझाच काढ. दोघांच्या शाली घालून बसलास, उकडत असंल तुला." मग साउंडवाल्यानं गाणं मोठं केलं आणि पंगती बसल्या. भात सगळ्यांना पुरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरी सरावाला आल्या. खड्डे, चाऱ्या, चुरगाळलेले द्रोण, गुटख्याच्या पिचकाऱ्या. एका टोकाला खांब, दुसऱ्या टोकाला बुंधा. त्यांनी बुंध्याच्या जागी प्लास्टिकची खुर्ची ठेवून पाहिली. पहिल्याच धावेला खुर्ची आणि पोरगी दोन्ही आडव्या. जिल्ह्याच्या निवड चाचण्या तोंडावर आहेत. ज्या पोरी यंदा निवडल्या जाणार नाहीत, त्यांतल्या निम्म्यांचं पुढच्या दिवाळीआधी लग्न ठरेल. हे मी अंदाजानं बोलत नाही. माझ्या संघात मी हे बघितलं आहे.

मी अध्यक्षांच्या ऑफिसात गेले. त्यांनी चहा सांगितला.

"ताई, तुम्हाला विकास नको का?"

"मला खांब पाहिजे आणि जागा पाहिजे."

"हिरवळीवर खेळतील की पोरी. पडल्या तरी लागणार नाही."

"हिरवळीवर पाटी लावाल, 'आत जाऊ नये'."

ते हसले. "तुम्ही पत्रकं छापता, लिहिता छान. समितीत या ना. तरुण चेहरा पाहिजेच होता आम्हाला." चहा तसाच ठेवून मी उठले. दारापर्यंत आले तेव्हा त्यांनी मागून सांगितलं, कंत्राटदाराला सोमवारी सकाळी मशीन आणायला सांगितलंय, उगाच अडवू नका, तुमचीच माणसं चाचांच्या नावाचं उद्यान मोडतायत असं दिसेल. पुतळ्याखाली चाचांचं नाव टाकणार आहेत म्हणे. जिवंत माणसाचं.

चाचांना हे सांगितलं. ते नवा खांब घासत बसले होते. घासलेला, तयार. मी विचारलं, बसवत का नाही? "किधर बसवू, बेटा? जमीनच नै रैनेवाली तो?" एवढं बोलून परत घासायला लागले. इतक्या वर्षांत हा माणूस मैदानाबद्दल असं बोललेला मी ऐकला नव्हता. राग मला तेव्हा आला. त्यांच्यावर नव्हे. मांडवात बसून भात खाल्लेल्या प्रत्येकावर.

म्हणून आता तुमच्याशी बोलते. उद्यान किती सुंदर होईल ते मला सांगू नका. चाचांचं कौतुक माझ्यापाशी करू नका, मावशीला शाल पाठवू नका, आणि 'अशी माणसं आता राहिली नाहीत' हे वाक्य तर माझ्यासमोर अजिबात काढू नका. सोमवारी सकाळी मशीन यायच्या आधी मैदानावर या. येताना घरातून पहार किंवा फावडं आणा आणि तुमच्या पोरीला सोबत आणा. तो खांब जमिनीत बसवायचा आहे, मुरूम ठोकून घट्ट करायचा आहे आणि मशीनवाला येईल तेव्हा पोरींचा डाव चालू असला पाहिजे. खो-खोच्या पाटीवर बसायला पोरी पुष्कळ आहेत. भोवती उभं राहायला तुम्ही लागाल. या.