लांदीच्या नावाचं कापड

लोक सुट्टीत काय करतात हे त्यांना विचारू नये, त्यांच्या खोलीतला कचरा बघावा, असं निकानोरा तूझ म्हणायची. समुद्रकाठच्या त्या रिसॉर्टमध्ये ती एकोणीस वर्षं खोल्या आवरत होती. रोज सोळा खोल्या, एकेका खोलीला पंचवीस मिनिटं. पहाटेच्या योगासनांना नाव घातलेल्या बाईच्या टोपलीत चॉकलेटचे कागद सापडायचे. लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेल्या जोडप्याची एक उशी पलंगावर असायची आणि दुसरी सोफ्यावर. प्रवाळ बघायला गेलो होतो असं घरी फोनवर सांगणारा गडी दिवसभर टीव्हीपुढे लोळत होता, हे तिला रिमोटला लागलेल्या चिप्सच्या चुऱ्यावरून कळायचं. मनगटावर पट्टी बांधली की खाणंपिणं फुकट, म्हणून काही जण सकाळी दहालाच बियर घेऊन बसत आणि चार वाजता ओकत. "पैसे भरून दमायला येतात मेले," ती म्हणायची. पण या एकोणीस वर्षांत तिने स्वतः तिथल्या तलावात पायाचा अंगठासुद्धा बुडवला नव्हता. कामगारांना ती मुभा नव्हती, आणि नियम मोडणाऱ्यांतली ती नव्हती.

तिचं गाव पोमुच, बसने सहा तासांवर. पोमुचला माणूस मेला म्हणून त्याचं करणं सुटत नाही. पुरल्यावर तीन वर्षांनी हाडं वर काढायची, एकेक पुसून लाकडी पेटीत रचायची, खाली त्याच्या नावाचं भरतकाम केलेलं कापड घालायचं आणि पेटी स्मशानातल्या कोनाड्यात ठेवायची. मग दरवर्षी ऑक्टोबर सरता सरता घरच्यांनी जायचं, ब्रशने हाडं झाडायची, कापड बदलायचं. हात चालू असताना तोंडही चालू असतं. "आई, यंदा मका बरा आलाय. धाकटीचं लग्न ठरलंय, नवरा जरा बावळट आहे, पण चालेल." निकानोराने आईला पुसलं होतं, भावाला पुसलं होतं, नवऱ्याला पुसलं होतं. नवरा जिवंतपणी आंघोळीचा कंटाळा करायचा, आता निमूट पडून राहतो, असं ती हसत सांगायची.

तिच्या एकुलत्या एक मुलीला, लांदीला, हे सगळं कधीच सोसलं नाही. नऊ वर्षांची असताना आजीची कवटी तिच्या हातात दिली, तर पोरीने ती खाली टाकली. निकानोराने तिला सगळ्या गावादेखत थोबाडीत मारली. एकोणिसाव्या वर्षी लांदी उत्तरेला सीमेपार निघून गेली. दारातून जाताना म्हणाली, "इथे राहिले तर मेल्यावरही तू मला दरवर्षी पुसत बसशील." कागदपत्रं नव्हती, त्यामुळे एकदा गेली ती गेली, परत येणं नाही. तिकडेही हॉटेलातल्या खोल्याच आवरायची. दर रविवारी फोन यायचा आणि मायलेकी डाग कशाने निघतो, कोणती मुकादमीण खाष्ट आहे, यावर तासभर बोलायच्या. त्या थोबाडीत मारण्याबद्दल दोघीही कधी बोलल्या नाहीत.

तेवीस वर्षं अशी गेली. एप्रिलमध्ये लांदी तिकडे दवाखान्यात वारली. तिकडेच जन्मलेल्या नातीने, ब्रियानाने, फोन करून सांगितलं. रडणं झाल्यावर निकानोराने विचारलं, "पुरलंत कुठे?" नात म्हणाली, "पुरलं नाही, चिची. जाळलं. तिनेच सांगितलं होतं." आजीला चिची म्हणायला लांदीनेच शिकवलं होतं तिला.

जाळलं, हा शब्द निकानोराच्या घशाखाली उतरेना. हाडंच राहिली नाहीत तर पुसायचं काय आणि बोलायचं कुणाशी? तरी तिने उन्हाळाभर कापड भरलं. लाल फुलं, दोन पारवे, मधोमध निळ्या धाग्यात लांदीचं नाव. धोबीखान्यातली सोकोर्रो तिच्याबरोबर एकाच भाड्याच्या खोलीत राहायची. सोकोर्रो शेजारच्या ताबास्को प्रांतातली, तिला पोमुचच्या रीती ठाऊक नव्हत्या. ती मानाने 'दोन्या', म्हणजे बाई, लावून म्हणायची, "दोन्या निको, डोळे फोडून घेशील. नुसतं नाव लिही की." निकानोरा म्हणायची, "माझी पोर नुसत्या नावाची नव्हती."

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, तिसऱ्या मजल्यावर ती चादरींचा ढीग घेऊन गाडा ढकलत होती. मागून कुणीतरी "चिची?" म्हणालं. वळून बघितलं तर लांदीचंच कपाळ आणि लांदीचेच जाड भुवयांखालचे डोळे. चादरी खाली पडल्या. मिठी सुटेना. तेवढ्यात मुकादमीण मारीक्रूस तिथून गेली.

"दोन्या निको, पाहुण्यांना मिठ्या मारायचं काम कधी लागलं तुम्हाला?"

"नात आहे माझी."

"असेल. पण गणवेशात कुणी कुणाची आजी नसते. बारा मिनिटं राहिलीत या खोलीची."

ब्रियाना मुद्दामच या रिसॉर्टमध्ये उतरली होती, आणि माझी खोली याच बाईने आवरावी असं तिने खाली सांगून ठेवलं होतं. दोघींना एका टेबलावर बसायची परवानगी नव्हती, तेव्हा भेटायचं ते एवढंच. तिने आजीला आत नेलं. कॉफीच्या यंत्राशेजारी एक काळा चौकोनी डबा होता. "मम्मी," ती म्हणाली.

निकानोरा डब्यापुढे उभी राहिली. तेवीस वर्षांनी लेक समोर आली होती, आणि हातात न्हाणीघर घासायचा ब्रश होता.

लांदीने दवाखान्यात पडल्या पडल्या एक यादी लिहिली होती. जन्मभर दुसऱ्यांचे पलंग लावले, बरी झाले की आपण दोघी पाहुण्या म्हणून जाऊ, असा बेत तिने ब्रियानाशी केला होता. नऊपर्यंत झोपायचं. पलंगावर बसून नाश्ता करायचा. पाण्यात तरंगत नारळपाणी प्यायचं. केळ्याच्या आकाराच्या बोटीवर बसून आरडाओरडा करायचा. आणि निघताना पलंग तसाच विस्कटलेला टाकायचा. बरी होणं राहूनच गेलं, म्हणून आता ब्रियाना ती यादी एकटीने पुरी करत होती. तलावाकाठी छत्रीखाली दोन खुर्च्या मांडायची, एकीवर आपण आणि दुसरीवर डबा. वाढपी न विचारता दोन पेले ठेवू लागले. शनिवारची बोट ठरली होती. प्रवाळापलीकडे खोल पाण्यात लांदीला सोडायचं होतं. आपण बरी होत नाही हे कळल्यावर लांदीने ते यादीत शेवटी लिहिलं होतं.

मंगळवारी निकानोराने चादर ताणता ताणता विषय काढला. "पोरी, सगळं सोडू नकोस. मूठभर मला दे. पोमुचच्या कोनाड्यात तिच्या बापाशेजारी ठेवते."

"चिची, ती म्हणाली होती, कण पण मागे ठेवू नको." ब्रियानाचं स्पॅनिश मोडकंतोडकं, त्यामुळे ती प्रत्येक शब्द जपून टाकायची. "म्हणाली, नाहीतर आई मला पुसेल."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. लांदीची मेल्यावरही गेली नव्हती. निकानोराला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. नातीला ते बघवलं नाही. "विचार करते मी," ती म्हणाली. "शुक्रवारी सांगते. नक्की."

एवढ्यावर धीर धरायला हवा होता. पण निकानोरा रोज पंचवीस मिनिटं त्या डब्याबरोबर एकटी असायची आणि महिना ऑक्टोबरचा होता. या दिवसांत पोमुचच्या बाईचे हात रिकामे राहत नाहीत. बुधवारी तिने डबा नुसता पुसला. गुरुवारी ती कापड पोटाशी बांधून घेऊन आली.

झाकण उघडलं. आत प्लास्टिकची पिशवी, गळ्याला तारेने बांधलेला नंबराचा बिल्ला. अशा पिशव्या ती रोज सोळा खोल्यांतून उचलून फेकायची. आपली पोर तशाच पिशवीत आहे, हे तिला सहन झालं नाही. तिने पलंगावर कापड पसरलं, पिशवी हलकेच त्यावर रिकामी केली आणि नवा कोरा ब्रश हातात घेतला. राख होती, पण तिच्यात बारीक खडे होते, हाडांचेच ते. तेवढे तिने एका बाजूला घेतले आणि एकेक झाडू लागली. काय करतो आहोत याचा तिला विचारच नव्हता, इतकं ते हाताच्या सवयीचं होतं.

"थोबाडीत मारायला नको होती मी," ती म्हणत होती. "नऊ वर्षांचं लेकरू ते. चुकलं माझं, लांदी. तेवीस वर्षं दर रविवारी बोललो, तेवढंच एक तोंडातून निघालं नाही."

दार उघडलं. ब्रियाना ओल्या अंगाने टॉवेल घ्यायला आली होती.

"काय करतेस?"

"आंघोळ घालते आहे तिला."

पोरगी ओरडली नाही आधी. तिने पलंग पाहिला, ब्रश पाहिला, रिकामी पिशवी पाहिली. मग तिचा आवाज चढला. "हेच. हेच नको होतं तिला. यालाच भिऊन ती आयुष्यभर आली नाही. मी विचार करते म्हणाले होते ना? शुक्रवारी सांगते म्हणाले होते ना?"

"पोरी..."

"बाहेर जा. चिची, बाहेर जा."

बाहेर मारीक्रूसने दारावर टकटक केली, वेळ होऊन गेली होती. निकानोरा ब्रश तसाच हातात घेऊन बाहेर पडली. आत नात रडत रडत हाताने राख पिशवीत भरत होती. कापड तिथेच राहिलं.

रात्रभर सोकोर्रोला ती काही बोलली नाही. पण पहाटेपर्यंत तिच्या मनाने एक आधार शोधला होता. राख कितीही भरली तरी भरतकामाच्या टाक्यांत, पारव्यांच्या पंखांत, नावाच्या निळ्या धाग्यांत धूळ अडकून राहणारच. ब्रश फिरवून फिरवून तिनेच ती तिथे बसवली होती. आता मूठ नको, चिमूट नको. ते कापड न झटकता हातात मिळालं तरी लांदी पोमुचला येईल. यादीचा शब्द मोडणार नाही, आणि मायही रिकामी राहणार नाही.

शुक्रवारी ती खोलीपाशी गेली तर दाराला 'त्रास देऊ नका' ही पाटी होती. पाटी असली की दार वाजवायचं नाही. हा तिथला पहिला नियम, आणि एकोणीस वर्षांत तिने तो कधी मोडला नव्हता. आत पाण्याचा आवाज येत होता, नात आत होती. दोन शब्द पुरले असते, धुऊ नकोस, झटकू नकोस. निकानोराने हात वर उचलला आणि परत खाली घेतला. उद्या पाटी निघेल तेव्हा सांगू, असं तिने स्वतःला समजावलं. मला विचाराल तर तिचा सगळ्यात मोठा गुन्हा तो गुरुवारचा नव्हे, हा शुक्रवारचा.

शनिवारी पाटी निघाली नाही. दहा वाजता पांढरी बोट गाण्यांच्या दणक्यात धक्क्यावरून निघाली, वर पाहुणे कमरेला धरून आगगाडी करून नाचत होते. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून निकानोराला पुढच्या टोकाशी एकटी बसलेली, मांडीवर काळं काहीतरी धरलेली पोरगी दिसली. बोट प्रवाळापलीकडे जाईपर्यंत ती तिथे उभी राहिली. मारीक्रूस मागून आली, तिने घड्याळ पाहिलं, आणि पहिल्यांदाच किती मिनिटं राहिली ते न सांगता निघून गेली.

रविवारी सकाळी दार सताड उघडं होतं. पाहुणी विमानतळाच्या गाडीने केव्हाच गेली होती. पलंग नीट लावलेला, चारही कोपरे कामवालीच्या घड्यांत ताणून खोचलेले. आईकडून शिकली असणार. तेवढी एक गोष्ट यादीबाहेर झाली. पलंगावर धोबीखान्याच्या पारदर्शक पिशवीत कापड होतं. इस्त्री केलेलं, खळ घातलेलं, फुलं लालभडक. वर चिठ्ठी होती.

'चिची, मी ओरडले, माफ कर. तुझं चुकलं नव्हतं, तुझी रीत होती. पण मी तिला शब्द दिला होता. सगळी सोडली समुद्रात. तुझं सुंदर कापड खराब झालं होतं, शुक्रवारीच धुवायला दिलं. धोबीखान्यातल्या बाई म्हणाल्या, अगदी नव्यासारखं होईल. ते तिच्या नावाने तुझ्याकडे ठेव. पुढच्या ऑक्टोबरमध्ये येते, मला पोमुचला ने.'

निकानोराने पिशवी फाडली. कापड नाकाशी धरलं. साबणाचा वास होता. पारव्यांचे पंख नखाने उकलून पाहिले, नावातलं एकेक अक्षर उकलून पाहिलं. मग ती गाडा तिथेच सोडून जिन्याने खाली धोबीखान्यात गेली.

सोकोर्रो तिची वाटच बघत होती. "मिळालं ना? मी पाहताक्षणी ओळखलं, म्हटलं हे तर आपल्या निकोचं. तुला सांगायचं नाही, अचानक हाती पडू दे असं ठरवलं. म्हणून यंत्रात नाही घातलं, हाताने धुतलं. टाक्यांत करडी धूळ अशी बसली होती, निघेचना. दातांच्या ब्रशने काढली, तीन पाण्यांतून. मेलेल्या माणसाला कापड कसं स्वच्छ हवं."

"पाणी कुठे गेलं?"

"कुठे म्हणजे? मोरीत."

निकानोरा मोरीपाशी गेली. गुडघे टेकून तिने जाळीवरून बोटं फिरवली, जाळीखालून फिरवली. सगळं ओलं होतं आणि लखलखीत घासलेलं होतं. सोकोर्रो आपल्या कामात कसूर ठेवणारी बाई नव्हती.

"काय झालं गं? काही गुंडाळलेलं होतं का त्यात? निको, बोल ना, माझं काही चुकलं का?"

"नाही. छान धुतलंयस," निकानोरा म्हणाली, आणि त्या ओल्या फरशीवरच बसली. कापड तिने छातीशी धरलं होतं. "तेवीस वर्षांनी आली होती गं माझी पोर."