अब्वूली बाईंना दाखवायचा चिंपांझी

किबालेच्या जंगलात सव्वीस वर्षं वाटाड्याची नोकरी केलेला बसालिझा नव्या पाहुण्यांसमोर एक वाक्य हमखास म्हणायचा, "माझ्याबरोबर आलेला माणूस चिंपांझी न बघता परत गेलेला नाही." हे वाक्य खोटं होतं. ते खोटं आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि चिंपांझींना तर होतंच. अंजिरं संपली की ते त्याच्या हातावर तुरी देऊन दरीपलीकडे पसार व्हायचे, आणि हा पाहुण्यांना एखादा शेणकिडा दाखवून म्हणायचा, "याचं दर्शन फार कमी लोकांना होतं बरं का!" पाहुणे बिचारे शेणकिड्याचे फोटो काढायचे.

दिसायला गडी रुबाबदार. हिरवा गणवेश, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कमरेला वॉकीटॉकी. पोट तेवढं अलीकडे पट्ट्याच्या चार बोटं पुढे चालायला लागलं होतं. "झाडाखाली आधी ते पोचतं, मागून मी," असं तो स्वतःच सांगायचा. पाहुण्यांना नियम सांगताना शेवटी तो बजावायचा, "आणि वर बघताना तोंड मिटलेलं ठेवा." हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात फांदीवरच्या एका धिप्पाड नरानं त्याला तो वरूनच शिकवला होता, आणि त्या दिवशी बसालिझा ओढ्यात पाऊण तास चुळा भरत होता.

तर अशा या बसालिझाच्या हातात एका सकाळी पाहुण्यांची यादी पडली. त्या दिवशी एक फेरी आसपासच्या गावांसाठी राखून ठेवलेली असायची. यादीत एकच नाव होतं : काबासिंगुझी, निवृत्त शिक्षिका, वय एकोणऐंशी. ते वाचून चोपन्न वर्षांच्या बसालिझाचा हात आपोआप पाठीमागे गेला. छडी तिथं बसायची.

या बाई त्याला तिसरीत होत्या. तिसरीत तो दोन वर्षं होता. मुक्काम लांबला त्याचं कारण असं, की बाईंनी काहीही विचारलं तरी 'येत नाही' म्हणणं याच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. काहीतरी ठोकून द्यायचं. नाईल नदी कुठून निघते? "आमच्या मामाच्या केळीच्या बागेमागून, बाई!" सात सक किती? "कुणाचे, बाई?" शेवटी एकदा बाई म्हणाल्या होत्या, "अराली, तुझ्या डोक्यात माकडं नाचतात. मोठेपणी तू त्यांच्याच मागे हिंडणार, लिहून ठेव."

अराली हे बसालिझाचं एम्पाको. तोरोमध्ये, म्हणजे जंगलाभोवतीच्या या भागात, प्रत्येकाला नावाशिवाय असं एक मायेचं नाव असतं, आणि ते घेऊन विचारपूस केल्याशिवाय भेट ही भेट धरत नाहीत. अख्ख्या मुलखात मिळून ही नावं डझनभर, त्यामुळे बाजारात 'अराली' म्हणून हाक मारली की चार टोप्या आणि दोन छत्र्या वळतात. बाईंचं एम्पाको अब्वूली.

बाईंचं भाकीत शब्दन् शब्द खरं ठरलं होतं, आणि तेच बसालिझाला सव्वीस वर्षं सलत होतं. आज त्याला एकच गोष्ट हवी होती. बाईंना चिंपांझी दाखवायचा, त्याची सगळी माहिती घडाघडा सांगायची आणि बाईंच्या तोंडून एक 'शाब्बास' घ्यायची. बाईंचे गुडघे गेलेले. पुन्हा काही त्या या वाटेला येणार नव्हत्या. जे व्हायचं ते आजच.

बाई भाड्याच्या मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून बसून आल्या. अंगात चर्चला घालायचा निळा झगा, पायात कुणाचेतरी मोठे बूट, हातात छत्री. बसालिझानं टोपी काढली.

"रात्र बरी गेली ना, अब्वूली बाई?"

"बरी गेली, अराली. तूच ना तो? बराच रुंद झालास."

"गणवेश आटलाय, बाई. सरकारी कापड आहे."

"माझ्याकडे बघून सांग."

"...दोन वेळा जेवतो, बाई. दुपारचं धरलं तर तीन."

"आता चिंपांझी दाखव. मी एकोणऐंशी वर्षं त्यांची बोंबाबोंब ऐकतेय, तोंड एकाचंही पाहिलेलं नाही. सकाळी सहाला वर्गाला पाढे म्हणायला लावले की तिकडून तेही सुरू व्हायचे."

"तोंडच काय, बाई, दातसुद्धा दाखवतो."

जंगलात शिरून पाव तास होतो न होतो तोच वॉकीटॉकी खरखरला. पहाटेपासून चिंपांझींच्या मागावर असलेली तिंकासिमिरे बोलत होती. "अराली, मोठ्या अंजिराखाली या. आठ जण आहेत. पोटं भरत आलीत, उठायच्या बेतात दिसतायत. पाय उचला!"

बसालिझाची छाती पोटाच्या बरोबरीला आली. "बघितलंत, बाई? आठ! दहा मिनिटांची वाट."

आणि नेमक्या त्याच वाटेवर समोरून पाच बायका आल्या. टोपल्यांसाठी वेल तोडायची परवानगी त्यांना त्याच दिवशी असते. डोक्यावर वेलांच्या मोळ्या. पाचही जणी बाईंच्या विद्यार्थिनी.

पहिलीनं मोळी टाकली आणि गुडघे टेकले. "रात्र कशी गेली, अब्वूली बाई?"

"बरी गेली, अड्येरी. तुझी? घरचे कसे आहेत?"

"बरे आहेत, बाई."

"मुलं?"

"बरी आहेत. धाकट्याला खोकला होता."

"गेला?"

"खोकला गेला, बाई. धाकटाही गेला, कंपालाला, कामाला."

"आणि गाय?"

गाय बरी होती. वासरू बरं होतं. मग दुसरीनं गुडघे टेकले. तिची गाय बरी नव्हती, म्हणजे तो विषय लांबला. बसालिझा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. तिसरीच्या वेळी त्याचा धीर सुटला. "बाई, जरा लवकर... ते उठतायत."

बाईंनी मान वळवली. "समोर आलेल्या माणसाची विचारपूस न करता पुढं जायला तू स्वतः चिंपांझी आहेस का, अराली?"

पाची जणी तोंडाला हात लावून हसल्या. आता खरं सांगायचं, तर सगळा दोष बायकांच्या माथी मारणं बरोबर नाही. पाचवीनं सहज विचारलं, "अराली, तुमची आई कशी आहे?" आणि याचा बांध फुटला. आईची दाढ, ती काढायला फोर्ट पोर्टलला नेलं तो प्रवास, दवाखान्यात आईनं डॉक्टरला त्याचं एम्पाको विचारलं आणि त्याला नव्हतंच, मग आईनं आधी त्याला ते दिलं आणि मगच तोंड उघडलं, ही हकिगत त्यानं दाढेच्या मुळापर्यंत सांगितली. शेवटची सात मिनिटं एकट्या त्याची होती.

वॉकीटॉकी पुन्हा खरखरला. "अराली, गेले."

"कोण गेलं?" हकिगतीच्या रंगात त्यानं विचारलं.

"तुझे सासरे! चिंपांझी गेले. मी त्यांच्या मागे ओढ्यापलीकडे जातेय. ते दलदलीत शिरलेत, तिथं बाईंना आणू नकोस."

मोठ्या अंजिराखाली अर्धवट खाल्लेल्या फळांचा सडा पडला होता आणि सगळीकडे आंबूस वास दरवळत होता. म्हणजे मैफल उठून गेलेली आणि खरकटं तेवढं राहिलेलं. बाई छत्रीवर रेलून उभ्या राहिल्या.

"कुठायत आठ?"

"येतील, बाई." जिभेनं आपलं जुनं काम सुरू केलं. "ही त्यांची पद्धतच आहे. थोडं फिरून येतात. अन्न पचायला."

"बोलाव मग."

आता नियमाप्रमाणे चिंपांझींना साद घालायची नसते. बसालिझा हा नियम लोकांना सव्वीस वर्षं सांगत आला होता. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. झाडाची मुळं माणसाएवढ्या उंच फळ्यांसारखी उभी होती, त्यांतल्या एकीवर दोन्ही मुठी आपटून त्यानं ढोल वाजवला. मग मान वर करून खालच्या पट्टीत "हू... हू... हू" सुरू केलं, ते चढवत चढवत किंकाळीपर्यंत नेलं आणि तिथं त्याला जोराचा ठसका लागला.

जंगल चिडीचूप. आणि मग डावीकडच्या झाडोऱ्यात पानं सळसळली.

बसालिझाचे डोळे चमकले. "आले!" तो कुजबुजला. "हलू नका, बाई. पाच-सहा आहेत. पुढचा नर. पावलं ऐका, जड आहे. पंचवीसेक वर्षांचा असावा. बिचकत बिचकत येतोय, म्हणजे या टोळीत नवा दिसतो."

झाडोरा दुभंगला आणि रवाहेरू बाहेर आला. दुसरा वाटाड्या, वीस वर्षं बरोबर काम केलेला सोबती. त्याच्यामागे पाच गोरे पाहुणे वाकून, श्वास रोखून, कॅमेरे ताणून उभे. पाचही कॅमेऱ्यांची तोंडं बसालिझाकडे.

रवाहेरूनं कपाळाला हात लावला. "अरे अराली! मी यांना सांगत आलो, की म्हातारा नर आहे, एकटा पडलाय, आणि आवाजावरून छातीचं दुखणं दिसतंय. गुपचूप चला, म्हटलं, शेवटचे दिवस असतील."

"ठसका लागला होता, अपूली," बसालिझा म्हणाला.

"तो तर फारच हुबेहूब होता. उद्या पुन्हा येशील का? सकाळी पाहुणे जास्त असतात."

पाहुण्यांतल्या एका बाईनं एवढं चालून आलोय तर म्हणून एक फोटो काढला. ते निघून गेले. बसालिझा वळला, तर अब्वूली बाई एका आडव्या मुळावर बसलेल्या, छत्री मांडीवर आडवी आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. आवाज न करता हसत होत्या. चांगली पाच मिनिटं हसल्या. तिसरीत असताना बाईंना हसवण्यासाठी यानं जिवाचं रान केलं होतं, तेव्हा कधी जमलं नव्हतं. आज जमलं, तर त्याला ते नको होतं.

"बाई," तो कसाबसा म्हणाला, "त्याचं असं आहे, की या महिन्यात वारा पश्चिमेकडून येतो, आणि चिंपांझींचं आतडं जे असतं..."

"अराली."

"...ते माणसापेक्षा, म्हणजे लांबीला..."

"अराली, तोंड बंद कर आणि मागं बघ."

दहा-बारा पावलांवर एक म्हातारी मादी येत होती. एकटीच. पाठीवरचे केस पांढुरके झालेले, एक कान फाटलेला. ती सावकाश अंजिराखाली आली, दोघांकडे शेजारच्या घराकडे बघावं तसं बघितलं आणि सड्यात बसली. माणसाचा सर्दी-खोकला चिंपांझींना लागू नये म्हणून बसालिझानं बाईंच्या आणि आपल्या तोंडावर फडकं चढवलं. स्वतःचं त्यानं उलटं बांधलं.

बाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग हळूच सुरुवात केली.

"वय?"

"पंचेचाळीसच्या पुढे, बाई." हे त्याला खरंच माहीत होतं.

"एकटी का?"

"माद्या फिरतात एकट्या. हिची मुलगी दुसऱ्या टोळीत गेली. मुलगा इथंच आहे, सकाळच्या आठांत होता."

"कान?"

"लहानपणी बिबट्या. माझ्या नोकरीच्या आधी." एकेक उत्तर बरोबर पडत होतं आणि बसालिझा आत आत ताठ होत होता. 'शाब्बास' आता हाताच्या अंतरावर होती.

म्हातारीनं एक अंजीर उचललं, नाकाशी धरलं आणि बाजूला ठेवलं. दुसरं उचललं, तेही बाजूला. तिसरंही. चौथं मात्र खाल्लं. मग पुन्हा तीन बाजूला, चौथं तोंडात.

"ती तीन बाजूला का ठेवते?" बाईंनी विचारलं.

बसालिझानं तोंड उघडलं. जिभेच्या टोकावर तीन उत्तरं तयार होती, आणि तिन्ही झकास होती. त्यानं म्हातारीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि काय झालं कोण जाणे, एकही बाहेर पडेना.

"माहीत नाही, बाई," तो म्हणाला.

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. फडक्यावर नुसते डोळे दिसत होते. "दोन वर्षं माझ्यासमोर बसलास," त्या म्हणाल्या, "पण हे एक वाक्य काही तुझ्या तोंडून निघालं नव्हतं." मग पुन्हा म्हातारीकडे बघत म्हणाल्या, "शोध. सापडलं की सांग मला."

'शाब्बास' काही मिळाली नाही. पण तासभर बसायची मुदत संपली तेव्हा उठताना बाईंनी छत्री याच्या हातात दिली आणि स्वतःचा भार याच्या खांद्यावर टाकला.

याला आता तीन वर्षं झाली. बसालिझा ती म्हातारी दिसली की थांबतो. आधी त्याला वाटलं, बाजूला ठेवलेली किडकी असतील. फोडून बघितली, चांगली होती. मग वाटलं, कच्ची असतील. एक खाऊन बघितलं, पिकलेलं होतं, फक्त त्यानंतर दोन दिवस तो जंगलात फार लांब जाऊ शकला नाही. मग त्याला पक्कं वाटलं, की ती मोजत असावी. तो बाईंच्या घरी हे सांगायला निघणार, त्याच्या आदल्या दिवशी म्हातारीनं पाच बाजूला ठेवली आणि सहावंही न खाता उठून गेली.

बसालिझा तरीही बाईंकडे गेला. दारातच म्हणाला, "बाई, नाही सापडलं. उलट होतं तेही मोडलं."

बाईंनी त्याची रात्र कशी गेली ते विचारलं, आईची दाढ विचारली, चुलीवर चहा ठेवला आणि स्वतःच्या शेजारचं स्टूल पुढं ओढलं. "बस," म्हणाल्या. "आता पहिल्यापासून नीट सांग."