पद्माकरने जोडलेलं पान

रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहत उभा होतो, तेव्हा पद्माकरच्या बायकोचा, सुलभावहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. डोळे तपासायला मुंबईला निघालो होतो. लाँच लागली, माणसं चढली आणि मी मागे फिरून एसटीकडे गेलो. दिवेआगरला पोचेपर्यंत पद्याला घरातून हलवलं होतं. त्याचं शेवटचं दर्शन मला झालं नाही. आमची शेवटची भेट भांडणाची होती, हे मात्र त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही... आता दीड महिना झाला.

पद्माकर आणि मी एका बाकावर शिकलो. मी पुढे कोर्टात टंकलेखक झालो, अलिबागला स्थायिक झालो. तो वडिलांच्या वाडीत राहिला. वादळात वाडीतल्या सुपारीच्या पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा त्याने मागच्या दारी दोन खोल्या काढून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. गल्लीतल्या सगळ्यांनीच तसं केलं. तेव्हा पोटाच्या घाईने कुणी कमी पैशात खोली देऊन शेजाऱ्याचं गिऱ्हाईक ओढू नये, म्हणून पद्याने सगळ्यांना देवळात बसवलं आणि सर्वांचा मिळून एकच दर ठरवला. गल्लीत गाडी शिरली की ज्याची पाळी त्याच्याकडे पाहुणा. मला हे अगदी साधं वाटे. पद्याला त्याचा भारी अभिमान होता.

मग मोबाइलवरून खोल्या देणारी एक मोठी कंपनी आली. पाहुणे वाढले हे खरं, पण तिची अट अशी की आमच्यापेक्षा स्वस्तात खोली तुम्ही कुणालाच द्यायची नाही, घरी फोन करणाऱ्या ओळखीच्या माणसालासुद्धा नाही. शेजारच्या कुसुमकाकू एकट्या राहतात. त्यांनी एका जुन्या पाहुण्याला, त्याची आई आजारी होती म्हणून, थोडं कमी घेतलं. कंपनीला कळलं. काकूंचं घर यादीत असं तळाला गेलं की दिवाळीच्या सुट्टीत सगळी गल्ली भरलेली आणि काकूंच्या अंगणात एक चप्पल नाही. पद्याला ते फार लागलं. "म्हातारीने आपल्याच घरात कुणाला माया दाखवायची, तेबी यांना इचारून?" असं तो मला फोनवर म्हणाला.

त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीची माणसं दिवेआगरात आली. हिचाही धंदा तोच, पण पहिलीपुढे डाळ शिजत नव्हती. बाजारात कुणी मक्तेदारी करत असेल तर चौकशी करणारं सरकारी खातं दिल्लीत आहे. तिथे या कंपनीला पहिलीविरुद्ध तक्रार करायची होती. कंपनीने कंपनीविरुद्ध रडून कुणाला पाझर फुटत नाही, म्हणून त्यांना खरोखर भरडलेली माणसं हवी होती. पद्या एका पायावर तयार झाला. जबाब इंग्रजीत, तेव्हा तो वाचून मराठीत सांगायला त्याने मला बोलावून घेतलं.

कंपनीच्या वकीलबाई तरुण आणि हुशार होत्या. ओटीवर बसून त्यांनी काकूंची हकिगत नीट लिहून घेतली. पद्याने विचारलं, "म्याडम, तुमच्या कंपनीत ही अट न्हाय ना?"

"सध्या नाही," त्या म्हणाल्या. पद्याने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

मग तो खुशीत येऊन सांगायला लागला, की आमच्याकडे बघा, आम्ही कसे वागतो, सगळ्यांनी बसून एक दर बांधलाय, तेही लिहा. बाईंचं पेन थांबलं. "काका, हे कुठे बोलू नका. धंदेवाल्यांनी मिळून दर ठरवणं हेसुद्धा याच कायद्यात बसत नाही."

ज्या गोष्टीचा पद्याला एवढा अभिमान, तीच गुन्हा ठरली होती. मी म्हटलं, "जाऊ दे. विचारलेलंच नाही तर सांगतोस कशाला?" न विचारलेलं सांगून आपलीच बाजू बुडवणारे साक्षीदार मी कोर्टात ढिगाने पाहिले होते. पण पद्या हटून बसला. "ते दर बांधतात म्हणून मी बोंबलायचं, आणि मी बांधलाय तो गिळायचा? कुठल्या तोंडानं? दोन्ही सांगूया की. ठरवू दे दिल्लीला."

कंपनीने तसा जबाब घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा पद्याने काकूंची हकिगत आणि गल्लीचा दर असं एक पान मला मराठीत टाइप करायला लावलं, खाली सही केली आणि कंपनीच्या तक्रारीला जोडावं म्हणून स्वतः दिल्लीला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. मी शिव्या घालत टाइप केलं.

पुढे दोन्ही कंपन्यांचं आपसात जुळलं. दुसरीने तक्रार मागे घेतली आणि वर्षाच्या आत तीच अट आपल्याकडेही लावली. दिल्लीत राहिलं ते पद्याचं पान. त्यावरून गल्लीला दराबद्दल खुलासा मागणारं पत्र आलं आणि माणसांची पाचावर धारण बसली. दर मोडला, पाळी मोडली. काकूसुद्धा पद्याच्या दारावरून मान खाली घालून जाऊ लागल्या.

आमची शेवटची भेट तेव्हाची. पद्या सुपारी सोलत बसला होता. मी रागाने म्हटलं, "तुझी खरेपणाची हौस गल्लीला भोवली." त्याने हातातली सुपारी खाली ठेवली. म्हणाला, "हौस न्हाय रे. लपवलं असतं, तर त्या लोकांत नि माझ्यात फरक काय ऱ्हायला असता?" मी चहा न घेता उठलो. आज त्या उठण्याची फार लाज वाटते.

परवा वहिनींनी बोलावलं म्हणून गेलो. दिल्लीहून पद्याच्या नावाने पत्र आलं होतं, सोबत त्याच्या पानाची प्रत. मजकूर असा: या पानावर तुम्ही अजून ठाम आहात का, लेखी कळवा. न कळवल्यास पान रद्द समजू. मला हायसं वाटलं. म्हटलं, "वहिनी, तो गेल्याचं कळवू. पान रद्द होईल, गल्ली सुटेल." आणि मग, कोर्टात जन्म गेल्यामुळे असेल, दुसरी बाजूही सांगितली, की त्या अटीविरुद्ध आता दिल्लीत एवढाच कागद उरलाय, तोही जाईल.

वहिनी आत गेल्या आणि पद्याचा चष्मा घेऊन आल्या. त्याची एक काडी त्याने दोऱ्याने बांधलेली होती. चष्मा लावून त्यांनी ते पान सावकाश, ओळीवर बोट ठेवत वाचलं. "यात खोटं काय हाय, भावजी?"

"काही नाही."

"मंग ल्ह्या. ते गेले, पान खरं हाय. खाली मी सही करते."

मी लिहीत होतो तेवढ्यात कुसुमकाकू आल्या. वहिनींनीच त्यांना निरोप धाडला होता. कितीतरी महिन्यांनी त्या पायरी चढल्या होत्या. मी मजकूर वाचून दाखवला; यातून गल्लीला दंडही होऊ शकतो, हेही सांगितलं. काकू वहिनींची सही होईपर्यंत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मग त्यांनी वहिनींच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला, आपल्या डोळ्यांवर चढवला आणि मला म्हणाल्या, "माझं नाव कुठं लिवायचं, तेवढं दाखव."

मी बोट ठेवून जागा दाखवली. या वेळी मी कुणालाही थांबवलं नाही.