सविताच्या पायाची झिप फाइल

रिया आणि निखिल,

मागच्या आठवड्यात आजोबांचे पेन्शनचे कागद मी एकाच झिप फाइलमध्ये पाठवले, तेव्हा फोनवर तुम्ही दोघंही हसलात. "आजी, तुला हे कोणी शिकवलं?" एका पेशंटमुळे शिकले. फोनवर सांगायला वेळ पुरला नाही, म्हणून लिहिते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा मेहकरच्या माझ्या दवाखान्यात भास्करराव दोन प्रिंटआउट घेऊन उभे होते. मुंबईच्या हाडांच्या डॉक्टरांची दोन पेशंटबद्दलची दोन उत्तरं. मी कागद पाठवले होते एकाच पेशंटचे.

भास्कररावांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटर बाजूला सारून त्यांनी नुकताच कॉम्प्युटर, स्कॅनर आणि टेलिफोनच्या तारेवरून चालणारं इंटरनेट घेतलं होतं. गावात ई-मेल करायचा तर त्यांच्याकडेच जावं लागे.

पेशंट सविता, दुसरबीडची. लग्नाला वर्ष झालेलं, सासरी भाजीपाल्याची शेती. गुडघ्याच्या जरा वर दुखत होतं. एक्स-रे काढला तर हाडात डाग दिसला. असा डाग वर्षानुवर्षं तेवढाच राहिला, तर त्याला हात लावायचा नसतो. वाढत असेल तर मात्र पायावरच बेतू शकतं. नशिबानं, लग्नाच्या काही वर्षं आधी माहेरी जानेफळला ती बैलगाडीवरून पडली होती तेव्हाची जुनी फिल्म तिच्या वडिलांनी जपून ठेवली होती. दोन्ही फिल्म शेजारी ठेवून पाहणं, एवढंच काम होतं.

एक्स-रे लावायच्या उजेडाच्या पेटीसमोर धरून डिजिटल कॅमेऱ्यानं फिल्मचे फोटो काढले. रक्ताचे रिपोर्ट आणि केसपेपर भास्कररावांनी स्कॅन केले. तेव्हा एका ई-मेलसोबत फार थोडं जाई. त्यांनी सगळं सात ई-मेलमध्ये पाठवलं.

मी पहिलं उत्तर वाचलं. "बेबी किसन यांची फिल्म फार जुनी आहे. नवी पाठवा." दुसरं वाचलं. "सविता गजानन यांची जुनी फिल्म नाही. डाग वाढतो की नाही ते सांगता येत नाही. हाडाचा तुकडा काढून तपासू. मोठ्या ऑपरेशनची तयारी ठेवून या."

"भास्करराव, ही बेबी किसन तुम्ही कुठून आणली?"

"जुन्या फिल्मवर तेच नाव हाये, मॅडम. टायपिस्टानं दिसलं ते टाइप कराचं. अक्कल लावाची नाई, हे मीच पोरींले शिकवतो."

चूक त्यांची नव्हती. आपल्याकडे लग्नात मुलीचं नावच बदलतात. बेबी माहेरी राहिली, सविता सासरी आली. माझंही नाव असंच बदललेलं. तरी मुंबईला ते कळवावं हे मला सुचलं नाही. इतकं अंगवळणी पडलेलं कोण कशाला सांगतं?

सविता सासूबरोबर बाकावर बसली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता येत होता.

"मॅडम, पाय काढा लागते काय?"

"तसं कोणीच म्हटलेलं नाही. त्यांना तू दोन बायका वाटलीस."

सासू म्हणाली, "नाव तं आमी बदललं बाई, हाड कुठी बदललं? एवढ्या मोठ्या डाक्टरले एवढं समजत नाई?"

"आपण सांगितलं नाही, तर त्यांना कसं समजणार?"

सगळं पुन्हा पाठवायचं होतं, पण या वेळी तुकड्यांत नाही. भास्कररावांनी सुचवलं, "फोटो बारके करून टाकू?" मी नाही म्हटलं. फोटो लहान केला की बारीक रेषा जातात, आणि मला त्या रेषाच दाखवायच्या होत्या. मग त्यांनी झिप काढली. झिप म्हणजे अनेक फाइलींचा एक गठ्ठा. आतल्या फाइली दाबून बसवतात, पण उघडल्यावर अक्षरही कमी होत नाही.

स्कॅन केलेले कागद एकदम आकसले. एक्स-रेचे फोटो जवळपास तेवढेच राहिले. कॅमेऱ्याचे फोटो आधीच दाबलेले असतात, पिळलेलं लुगडं पुन्हा पिळून किती पाणी निघणार? तरी कागदांनी जागा सोडली होती. शिवाय मी सगळं पुन्हा तपासलं. एकच रिपोर्ट दोनदा स्कॅन झाला होता, तो काढला. गठ्ठा जेमतेम मापात बसला.

बांधण्याआधी मी फाइलींना नंबर दिले. पहिली माझी चिठ्ठी: ही दोन्ही नावं एकाच बाईची, पहिलं लग्नाआधीचं. दुसरी जुनी फिल्म, तिसरी नवी, मग रिपोर्ट. गठ्ठ्यावरही दोन्ही नावं घातली.

"येवढं लांब नाव?" भास्करराव म्हणाले.

"टाइप करा. अक्कल मी लावते."

ते हसले आणि टाइप केलं. गठ्ठा इंटरनेटवर चढताना लाइन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा तो गेला. मुंबईला फोन करून तो तिथे उघडतोय याची मी खात्री करून घेतली.

दोन दिवस सविता रोज एसटीनं येऊन बाकावर बसायची. उत्तर आलं नाही असं सांगितलं की निघून जायची. तिसऱ्या दिवशी एकच प्रिंटआउट आला. दोन्ही फिल्ममधला डाग तेवढाच होता. ऑपरेशन नको, वर्षानं पुन्हा एक्स-रे काढा.

मी तिला मराठीत वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग सासूनं विचारलं, "मंग वांग्याले पाणी द्याले जाऊ शकते ना हे?"

"दुखणं थांबलं की जाऊ दे. तोवर तुम्ही द्या."

"हाव," म्हातारी म्हणाली, "म्हणजे आता ऑपरेशन माह्यंच."

सविता तोंडाला पदर लावून हसत बसली.

तेव्हापासून दवाखान्याबाहेर जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यात मी पहिली चिठ्ठी घालते. आपल्याला जे सांगायची गरजच वाटत नाही, ते तिच्यात आधी लिहायचं. फोनवर तुम्ही चिठ्ठीबद्दल काहीच विचारलं नाहीत, म्हणजे आजोबांच्या कागदांतली पहिली फाइल तुम्ही उघडलीच नाहीत, असं दिसतं. उघडा.

ती झिप भास्कररावांनी मला फ्लॉपीवर दिली होती. ती फ्लॉपी आता कोणत्याच मशीनमध्ये जात नाही. भास्कररावांची इन्स्टिट्यूट बंद झाली. सविताच्या दोन्ही फिल्म तिच्या दुसरबीडच्या घरी एकाच पाकिटात आहेत, आणि ती दोन्ही पायांनी चालते.