काहीच न मागणारं घर

कपड्यांच्या दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली टाचणीबाई म्हणायची. ओठांत सदा टाचण्या धरलेल्या, त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलणं हुंकारानंच. कुणाची पँट लांब, कुणाचा कोट पोटावर बसेना. तोंडावर ती कुणाला हसायची नाही, पण घरी येऊन सगळ्यांच्या नकला करायची.

नवरा बस चालवायचा. दोघं वेगळ्या धर्मांतले. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्यांनी इतकं ताणलं, की या दोघांनी दोन्ही धर्मांना कोपरापासून हात जोडले. पण मुलं झाल्यावर तिला वाटायला लागलं, नुसतं खाऊपिऊ घालून वाढवायला ही काय कोंबडीची पिल्लं आहेत? म्हणून तिनं स्वतःचाच एक रिवाज काढला. संध्याकाळी जेवणाआधी दिवा मालवायचा, चौघांनी जमिनीवर डोळे मिटून बसायचं. आज आपल्याशी कोण चांगलं वागलं ते आठवायचं, आणि आपण कुणाला दुखावलं तेही. मग मोठ्यानं सांगायचं, खरं तेवढंच. थोरला बहुतेक वेळा दोन्हीकडे धाकट्या बहिणीचंच नाव घेऊन मोकळा व्हायचा.

नियम एकच. मागायचं काही नाही. मार्क नको, सायकल नको, दुखणारं पोट थांबावं एवढंसुद्धा नको.

हा नियम काही असाच आलेला नव्हता. टाचणीबाई स्वतः धाकटीएवढी असताना तिचे वडील आजारी पडले होते. लेकरांचं देव ऐकतो म्हणून आईनं तिला रोज प्रार्थनेला बसवलं. वडील गेले. दुःखानं सैरभैर झालेली आई तिला बोलून गेली, "तू मनापासून मागितलं नसशील." आई ते विसरलीही असेल, लेक विसरली नाही. ते ओझं आपल्या पोरांच्या डोक्यावर येऊ द्यायचं नाही, असा तिचा हट्ट होता.

आता तीच आई म्हातारी झाली होती आणि तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. आदल्या दिवशी सगळी तिला दवाखान्यात भेटायला गेली. आजीनं धाकटीला जवळ ओढलं.

"उद्या माझ्यासाठी देवाकडे काहीतरी माग हं."

"आजी, आमच्याकडे मागत नाहीत," धाकटी सरळ म्हणाली.

पोरीनं घरचा नियम सांगितला, तिचं काय चुकलं? पण आजीचा चेहरा खर्रकन उतरला. भिंतीकडे तोंड करून ती लेकीला म्हणाली, "जिवावर बेतलं तर धरायला काही नाही गं तुझ्या पोरांकडे. उघड्यावर टाकलंस त्यांना."

टाचणीबाईच्या जिभेवर उत्तर होतं, कित्येक वर्षं दाबून ठेवलेलं. पण उद्या जिची छाती उघडणार, तिच्याशी आज कोण भांडेल? तिनं आईची उशी सारखी केली आणि मुलांना घेऊन निघाली. मनातून मात्र ती हलली होती. खरंच उघड्यावर टाकलंय का मी यांना?

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन लांबलं. नवरा कामावर, थोरला शाळेत. धाकटी तेवढी रडून-भेकून सोबत आली होती. बाहेरच्या बाकावर बसून बसून कंटाळल्यावर तीच म्हणाली, "आई, घरी बसतो तसं बसूया?"

दोघींनी डोळे मिटले. थोड्या वेळानं धाकटीनं एक डोळा किलकिला केला. आईचे ओठ हलत होते.

"आई, तू मागतेयस."

खरं तेच सांगायचं, ही शिकवण तिचीच. आता पळवाट कुठली? "हो," ती म्हणाली.

"कुणाकडे?"

"माहीत नाही गं."

धाकटीनं जरा विचार केला. "मग मीपण त्याच्याकडेच मागते."

नाही म्हणावं, तर स्वतःच नियम मोडून बसलेली. हो म्हणावं, आणि आतून वाईट बातमी आली तर? तिनं धाकटीचे दोन्ही हात हातात घेतले.

"माग," ती म्हणाली. "पण आजी वाचली नाही, तर तुझं मागणं कमी पडलं असं नाही. समजलं? असं कुणीही म्हटलं, अगदी मी म्हटलं, तरी ऐकायचं नाही."

धाकटीनं मान डोलावली. मग हळूच विचारलं, "तुला कुणी म्हटलं होतं?"

टाचणीबाईनं ऑपरेशनच्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं.

"जिच्यासाठी मागतोय, तिनंच," ती म्हणाली आणि तिनं पुन्हा डोळे मिटले.