तांडेलला बोट लागते

नारळी पौर्णिमेनंतर आमच्या शेजारच्या गणूकाकांच्या होडीवरून मी एकदाच मासेमारीला गेलो. बंदर सुटताच ओकू लागलो. शरमून मागे पाहिलं, तर होडी हाकणारे तांडेल, म्हणजे काकाही काठावर वाकून ओकत होते. एक हात मात्र सुकाणूवरच होता.

"तुम्हालाही बोट लागते?" मी विचारलं.

"पावसाळाभर घरी बसलं की सवय मोडते. चाळीस वर्षं झाली, दरवर्षी पहिले दोन दिवस असेच जातात."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. ते म्हणाले, दर्यात जाऊ नका." त्यांनी चूळ भरली.

सरावाने त्रास संपतो, असं मी समजत होतो. काही माणसांना त्रासाचाच सराव करावा लागतो. काकांनी येणारी लाट पाहून होडीचं तोंड हळूच तिच्याकडे वळवलं आणि मला म्हणाले, "पाण्यात नको बघू. लांब बघ."